पेशीतील हमाल आणि थांबविलेली हुंडी

पेढीवरून माल निघाला, पण वाहतूक बिघडली, तर व्यापार ठप्प होतो. शरीरातील पेशीचेही असेच आहे. तिच्यात सूक्ष्मनलिकांचे रस्ते असतात आणि त्यांवरून ‘कायनेसिन’ नावाची प्रथिने हमालासारखा माल वाहतात. १९८५ मध्ये रोनाल्ड वेल, थॉमस रीझ व मायकेल शीट्झ यांनी माकुळाच्या मज्जातंतूंत कायनेसिनचा शोध लावला. हा हमाल ८ नॅनोमीटरचे एकेक पाऊल टाकतो आणि प्रत्येक पावलास एटीपीचा एक रेणू मजुरी म्हणून घेतो. मानवात कायनेसिनची सुमारे ४५ जनुके आहेत. त्यांतील काही प्रथिने पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रांची समान वाटणी करण्यास साहाय्य करतात. अनेक कर्करोगांत हीच प्रथिने प्रमाणाबाहेर वाढलेली आढळतात.

त्यांच्यावर अंकुश कोणाचा? जनुकाची आज्ञा संदेशवाहक आरएनएच्या रूपाने निघते. ती जणू हुंडीच होय. सुमारे २२ अक्षरांचा मायक्रोआरएनए तिला चिकटतो आणि हुंडी वटत नाही, म्हणजेच प्रथिन तयार होत नाही. १९९३ मध्ये एका सूत्रकृमीत ही व्यवस्था उलगडणारे व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अर्बुदांमध्ये काही मायक्रोआरएनए घटतात; मग कायनेसिनच्या हुंड्या बेसुमार वटतात आणि पेशी वाढतच जातात.

रुग्णाच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन किंवा पॅक्लिटॅक्सेल ही औषधे थेट सूक्ष्मनलिकांच्या रस्त्यांवरच आघात करतात. मज्जातंतूंची वाहतूकही त्याच रस्त्यांनी चालत असल्याने अनेकांच्या हातापायांना मुंग्या येतात वा बधिरता जाणवते. रस्ता न मोडता केवळ विभाजनाचा हमाल रोखावा, या विचाराने ‘ईजी-५’ या कायनेसिनविरुद्ध औषधे तयार झाली. परंतु एकट्याने वापरता त्यांचा गुण मर्यादितच दिसला. मायक्रोआरएनए बाहेरून देण्याचा ‘एमआरएक्स-३४’ हा प्रयोगही गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावा लागला. एक मायक्रोआरएनए अनेक हुंड्या रोखतो, म्हणून तो वापरणे नाजूक काम आहे.

तेव्हा ‘जनुके सुधारणाऱ्या’ गोळ्यांच्या जाहिरातींना भुलून कोणीही चालू उपचार सोडू नयेत. बधिरता जाणवू लागताच ती सहन करीत न बसता डॉक्टरांना सांगावी. औषधाची मात्रा वेळीच बदलता येते. उशीर झाल्यास बधिरता कायमची राहू शकते.