खंड्याची नजर आणि आपलं 'म्हणून'



आपल्या माजलगावच्या धरणाकाठी मुलांना नेलं की खंड्या दिसतोच. तारेवर बसून पाणी न्याहाळतो, सूर मारतो आणि मासा घेऊन वर येतो. "त्याला एवढं कसं दिसतं?" असं मुलं विचारतात. आपलं ठरलेलं उत्तर असतं, "मासे पकडायचे असतात, म्हणून निसर्गाने त्याला तीक्ष्ण नजर दिली." माझ्या मते हे 'म्हणून' आपण सोडायला हवं.

गरज आहे म्हणून डोळा मिळत नाही. एकाच जातीच्या पक्ष्यांच्या नजरेतही थोडा फरक असतो. ज्याला किंचित स्पष्ट दिसलं त्याला खाणं जास्त मिळालं, त्याची पिल्लं जास्त जगली आणि ती नजर पुढे उतरली. लाखो वर्षं हेच चालत राहिलं. चौथीच्या मुलालाही हे कळतं, कारण चांगलं कणीस बियाण्याला राखून ठेवताना त्याने घरी पाहिलेलं असतं. इथे फक्त निवडणारा कुणी नसतो.

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर सगळ्यात स्पष्ट दिसणारी जागा एकच असते. खंड्याच्या प्रत्येक डोळ्यात अशा दोन जागा आहेत. रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशी आपल्याकडे तीन प्रकारच्या, पक्ष्यांकडे चार. अनेक पक्ष्यांना अतिनील प्रकाशही दिसतो.

खरी गंमत पुढे आहे. हे चार प्रकार पक्ष्यांनी नव्याने कमावलेले नाहीत, ते फार जुन्या पूर्वजांकडून आलेत. डायनोसॉरच्या काळात आपले सस्तन पूर्वज रात्री वावरायचे, तेव्हा त्यांच्याकडचे दोन प्रकार गेले. पुढे माकडांच्या कुळात एक पुन्हा तयार झाला. म्हणजे 'माणूस सगळ्यात वरच्या पायरीवर' हेही खरं नाही.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. बालभारतीच्या दहावीत 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा आहे. पण तोपर्यंत 'निसर्गाने दिली' हे वाक्य मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मग सुरुवात परिसर अभ्यासाच्या तासालाच का करू नये?

त्याला खर्च काहीच नाही. कोंबडी, शेळी, मांजर, घुबड यांचे डोळे समोर आहेत की बाजूला, हे मुलांना वहीत लिहू द्या. मग "कशासाठी?" न विचारता "हे कसं घडत गेलं असेल?" असं विचारा. उत्तर चुकलं तरी चालेल, पण मूल विचार करायला लागेल.