छंद जपा, खिडकी उघडा

दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत सुमारे ११ मीटर होती. १:७२ प्रमाणातल्या प्रतिकृतीत ती जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर भरते. ती जोडायला चिकाटी आणि स्थिर हात लागतो. मोबाइल विसरायला लावणारा हा छंद जपायलाच हवा. मात्र बंद खोलीत नव्हे.

पॉलिस्टायरीनचे सुटे भाग जोडणारा पातळ गोंद प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवून ते एकजीव करतो. त्यातली द्रावके हवेत सहज उडतात. त्यांच्या वाफेने डोके दुखते, गरगरते, डोळे चुरचुरतात. दमेकऱ्याला धाप लागू शकते. ‘रंग पाण्यात मिसळणारा आहे, मग भीती कसली?’ हा समजही फसवा आहे. एअरब्रशचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे फुप्फुसात उतरतात.

एन-९५ मास्क तुषार आणि धूळ अडवतो, वाफ नाही. म्हणून उघडी खिडकी आणि हवा बाहेर फेकणारा पंखा हवाच. पॉलिश पेपरने घासताना भाग ओला ठेवावा, म्हणजे धूळ उडत नाही. एरियलची तार बनवण्यासाठी काहीजण प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर तापवून ताणतात. तेव्हा शेजारी थिनरची उघडी बाटली असेल, तर आग लागायला वेळ लागत नाही.

मुलांना असे किट आणून देणाऱ्या पालकांनी ही शिस्तही सोबत द्यावी. डोके जड झाले, तर थकवा समजून काम रेटू नये. बाटल्यांना झाकणे लावून मोकळ्या हवेत यावे.