मेरिट आणि एक नोटीस

परवा शनिवारी हिंगोलीहून भाच्याचा फोन आला. क्लॅट दिली होती, पण राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा नंबर थोडक्यात हुकला. "मामा, कॅटेगरी असती ना, तर लागला असता बघ!" आई-बाप दोघं शिक्षक, त्यामुळे ईडब्ल्यूएसमध्येही बसत नाही. पोरगं दोन वर्षं राबलंय. मी नुसतं "हो रे" म्हणालो आणि फोन ठेवला. तेव्हापासून डोक्यात भुंगा सुरू आहे.

खरं सांगतो, कॉलेजात असताना मीही हेच बोलायचो. कट-ऑफची यादी लागली की मेरिट मेरिट करत कँटीन डोक्यावर घ्यायचो.

पण मला एक नोटीस आठवते. कळमनुरीकडे आंध आदिवासींची बरीच गावं आहेत. तिथला एक मित्र माझ्या वर्गात होता. त्याच्या वडिलांना जमिनीच्या केसचा कागद आला. घरात वाचणारं कोणी नाही, मित्र गावाला गेलेला, म्हणून काका माझ्याकडे आले. मी नववीत, वर्गात पहिला! वाचलं आणि ऐटीत सांगितलं, "काही नाही काका, पुढची तारीख आहे." तो निकाल होता. अपिलाची मुदत निघून गेली तेव्हा कळलं. काका मला एका शब्दानेही बोलले नाहीत. तेच जास्त लागतं.

त्या दिवशी माझे मार्क काय कामाचे होते? काकांना हवा होता त्यांच्यातला, हक्काने ज्याच्या ओट्यावर जाऊन बसता येईल असा एक वकील. तो यायचा कुठून? लॉ कॉलेजातूनच ना! हायकोर्टाचे न्यायाधीश नेमताना आरक्षण नाही. म्हणजे तिथवर जायची वाटसुद्धा याच दारातून जाते. म्हणून कायद्याच्या शिक्षणात आरक्षण हवंच, असं माझं मत आहे.

मग भाचा चुकला का? त्याचं दुखणं खरं आहे, फक्त बोट चुकीकडे दाखवतोय. तो दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला. आपली एमएच-सीईटी लॉ मराठीतूनही देता येते. क्लॅट मात्र फक्त इंग्रजीत, आणि २०२० पासून तर बहुतेक सगळे प्रश्न लांबलचक उताऱ्यांवर. वर अर्जालाच साधारण चार हजार रुपये. संभाजीनगरला २०१७ साली विधी विद्यापीठ आलं, आपल्या अंगणात आलं, पण किल्ली इंग्रजीचीच! ही चाळणी सेनगावच्या ओपनवाल्यालाही अडवते आणि कळमनुरीच्या आंध पोरालाही. राखीव जागेवरही मग शहरातल्या इंग्रजी शाळेतलंच पोर पुढे जातं. आरक्षणातला हा दोष मला मान्य आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली, तीही याच दुखण्यापायी. पण छप्पर गळतं म्हणून कोणी घर पाडत नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो, इनपुटच गाळून घेतलं तर आउटपुटला नावं ठेवू नका. परीक्षा मराठीत घ्या, मग मेरिटवर बोलू.

आज रात्री भाच्याला फोन करणार आहे. सीईटीचा फॉर्म भर म्हणून सांगेन. आणि ती नोटीसही सांगेन. आजवर कोणालाच सांगितली नव्हती.

असो. तुम्हाला काय वाटतं?