माझा माग काढू नका!

इंटरनेटवरच्या एखाद्या दुकानात सहज म्हणून चपलांचा जोड पाहावा आणि पुढचा आठवडाभर, बातम्या वाचताना असो की पाककृती शोधताना, तोच जोड जाहिरात होऊन डोळ्यांपुढे नाचत राहावा, हा अनुभव आता घरोघरी येतो. या पाठलागाला आळा बसावा म्हणून ब्राउझरमध्ये एक खटका बसवण्यात आला होता. त्याचे नाव ‘डू नॉट ट्रॅक’, म्हणजे ‘माझा माग काढू नका’. २०११ साली फायरफॉक्सने तो आणला, मागोमाग इतरांनीही. खटका चालू केला की ब्राउझर प्रत्येक वेबसाइटला तसा निरोप द्यायचा.

निरोप द्यायचा, एवढेच. तो ऐकायचा की नाही, हे समोरच्याच्या मर्जीवर. सोसायटीच्या फाटकावर ‘फेरीवाल्यांना मनाई’ अशी पाटी लावावी, पण रखवालदार नेमू नये, तशातलाच हा प्रकार!

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था वेबचे तांत्रिक नियम ठरवते. या खटक्यासाठीही तिने २०११ मध्येच एक गट नेमला. पण ‘माग काढणे’ म्हणजे नेमके काय, यावरच वाद रंगला. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या ब्राउझरमध्ये खटका आधीपासूनच चालू ठेवायचे ठरवले, तेव्हा ही ग्राहकाची निवड नव्हेच, असे म्हणायला जाहिरातदारांना आयतेच कारण मिळाले. अखेर जानेवारी २०१९ मध्ये गट विसर्जित झाला. मसुदा नियम न होता नुसते टिपण म्हणून उरला. त्याच वर्षी अ‍ॅपलने सफारीतून खटका काढला. कारण असे दिले की, ‘माग काढू नका’ हा निरोपच माणसाला ओळखण्याची एक खूण ठरू शकतो!

फायरफॉक्समधून तो गेला २०२५ मध्ये. म्हणजे नियमावर पडदा पडल्यानंतरही सहा वर्षे लोक खटका चालू करून निर्धास्त होत होते.

असे होते, कारण सोडून दिलेला नियम नाहीसा होत नाही. कन्सॉर्शियम जुने दस्तऐवज फाडून टाकत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण त्यांचा हवाला इतरत्र दिलेला असतो. ती फक्त वरची चिठ्ठी बदलते: मसुदा, शिफारस, टिपण, कालबाह्य. पण चिठ्ठी बदलायलाही कोणी तरी बसावे लागते. वेबसाइटचे गोपनीयता-धोरण ब्राउझरला वाचता यावे म्हणून केलेला ‘पी-थ्री-पी’ हा नियम २००२ मध्ये शिफारस झाला. त्याला कालबाह्य ठरवायला २०१८ उजाडले. तोवर ब्राउझर बनवणाऱ्यांनी त्याच्याकडे कधीच पाठ फिरवली होती. नव्या नियमाच्या बारशाला सगळे हजर असतात, जुन्याच्या उत्तरकार्याला मात्र कोणी फिरकत नाही.

शिवाय मूळ यादी सुधारली, तरी तिच्या नकलांचे काय? संगणक-वर्गाच्या वह्या, पाठ्यपुस्तके, कात्रणे यांत जुनाच सल्ला राहतो. माहिती साठवण्याच्या ‘वेब एसक्यूएल’ या पद्धतीचे काम २०१० मध्येच थांबले, कारण ती राबवणारे सगळेच ‘एसक्यूलाइट’ या एकाच प्रोग्रामवर विसंबून होते आणि नियमासाठी स्वतंत्रपणे केलेल्या निरनिराळ्या रचना लागतात. क्रोमने मात्र तिला २०२३ पर्यंत थारा दिला. वरची चिठ्ठी न वाचता तिच्यावर कामाचा डोलारा उभारणाऱ्यांना मग सगळे नव्याने बांधावे लागले.

‘डू नॉट ट्रॅक’चा खटका आपल्या ब्राउझरमध्ये अजून दिसत असेल, तर त्यावर विसंबू नये. २०२० पासून ‘ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल’ नावाचा नवा निरोप आला आहे. फायरफॉक्समध्ये तो सेटिंगच्या गोपनीयता विभागात सापडतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात तो पाळणे कायद्याने बंधनकारक आहे. जिथे असा कायदा नाही, तिथे मात्र तीही विनंतीच.