अळ्या कडेला चालल्यात, काय करू?

मागच्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहाला आमच्या रेशीमवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडला, "अळ्या रॅकच्या कडेला चालल्यात, काय करू?" सोबत एक अंधुक फोटो. दहा मिनिटांत अकरा उत्तरं आली. एकाने चुना मारायला सांगितला, दुसऱ्याने चंद्रिका टाकायला. तिसऱ्याने कसल्याशा पावडरीचं नाव दिलं, चौथ्याने नुसते हात जोडले. विचारणारा बिचारा रात्रभर शेडमध्ये जागा.

गंमत अशी की यातली निम्मी उत्तरं आपापल्या जागी बरोबर होती. अळी पंचवीस दिवसांची झाली असेल, अंग पिवळसर अन् काचेसारखं दिसत असेल, तर ती पिकली. कोष विणायला जागा शोधत ती कडेला येते, तिला चंद्रिकेवर घ्यायचं. पण तीच अळी पंधरा दिवसांची असेल, अंग फुगून चकाकत असेल, पायाला टाचणी लावली की दुधासारखं पाणी येत असेल, तर ती ग्रासरी. विषाणूचा रोग, औषध नाही. तसल्या अळ्या वेचून चुना-ब्लीचिंगच्या पाण्यात टाकायच्या आणि उरलेल्या वाचतात का बघायचं. "कडेला चालल्यात" हे एकच वाक्य. एका घरात त्याचा अर्थ पैसा, दुसऱ्या घरात बॅच हातची गेली. त्या भावाने अळीचं वय लिहिलं नव्हतं, आणि आम्हा अकरा जणांतल्या एकालाही ते विचारावंसं वाटलं नाही. त्या अकरांत मीही होतो, म्हणून हे लिहितोय.

मोबाईल वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या धंद्याला त्याने काय दिलं ते जुन्या लोकांना विचारा. २०१८ साली जालन्याच्या बाजार समितीत राज्यातली पहिली खुली कोष बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी कोष विकायचे म्हणजे कर्नाटकात रामनगरमला जायचं, हजारेक किलोमीटर. (शोलेचं शूटिंग झालं ते हेच गाव. आपल्या लोकांनी मात्र तिथे गब्बरपेक्षा भावाचीच धास्ती जास्त खाल्ली.) माल भरून गाडी निघाली की तिथे पोचेपर्यंत भाव काय झाला हे कळायला मार्ग नव्हता. आज सकाळी चहा पिता पिता दोन्हीकडचे भाव फोनवर दिसतात, मग माल कुठे न्यायचा ते ठरतं. चॉकी, म्हणजे वाढवून मिळणाऱ्या लहान अळ्या, कुणाकडची चांगली आली, कुणाकडची पातळ निघाली, हेही दोन दिवसांत कळतं.

पण भाव बघणं वेगळं आणि धंदा शिकणं वेगळं. शिकायचं असेल तर आधी विचारायला शिकावं लागतं. प्रश्न टाकताना अंडीपुंज किती, चॉकी कोणत्या तारखेला आणली, आज अळीचा कितवा दिवस, कितव्या मोल्टमधून उठल्या, शेडचं तापमान अन् आर्द्रता किती, पाला कधी तोडला, एवढं लिहा. फोटो दिवसा, उजेडात, अळी तळहातावर घेऊन काढा. एक जवळून, एक पूर्ण रॅकचा. दोन मिनिटं जास्त जातील, पण उत्तर देणारा अंदाज मारणार नाही. आणि उत्तर देणाऱ्याला ठाम माहीत नसेल तर त्याने गप्प बसावं. ग्रुपवर गप्प बसलेल्या माणसाने कुणाची बॅच घालवली असं मी अजून ऐकलं नाही.

एक अडचण मात्र आपल्या घरातलीच आहे. बहुतेक घरी रॅकवर पाला टाकते ती घरची बाई. अळी सुस्त झाली, पाला कमी खातेय, हे सगळ्यात आधी तिच्या लक्षात येतं. ग्रुपमध्ये नंबर मात्र नवऱ्याचा, आणि तो दिवसभर बाजारात नाहीतर चावडीवर. संध्याकाळी ऐकलेलं अर्धंमुर्धं तो टाईप करतो. तिचा नंबर ग्रुपमध्ये घाला. टाईप करायचा कंटाळा असेल तर ती बोलून पाठवेल, काही बिघडत नाही.

यापेक्षाही मोठी खोट म्हणजे आपण निकाल कळवत नाही. प्रश्न येतो, उत्तरं येतात, आणि पुढे काय झालं याचा पत्ताच लागत नाही. त्या रात्रीच्या भावाचंच घ्या. तो कुणाचं ऐकून काय करून बसला अन् अळ्या वाचल्या की गेल्या, ते ग्रुपवर कधीच आलं नाही. आठवड्याने दुसऱ्या कुणी तसाच प्रश्न टाकला आणि तीच अकरा उत्तरं पुन्हा पडली. असा ग्रुप दहा वर्षं चालला तरी पहिल्या दिवशी होता तिथेच राहणार.

ग्रुपवर पडतं ते काय, तर चांगल्या भावाची पट्टी, म्हणजे बाजारातल्या विक्रीची पावती. चांगला भाव लागला की पट्टीचा फोटो लगेच येतो, खाली अभिनंदनाची रांग लागते. उझी माशीच्या अळ्यांनी कोष भोकं पाडून खराब केले, निम्मा माल हलक्या भावात गेला, ती पट्टी खिशातच राहते. नवा माणूस तेवढ्या चांगल्या पट्ट्या बघून कर्ज काढतो, शेड उभारतो, तुती लावतो. त्याला आपण खोटं काही सांगितलं नाही, पण खरंही पूर्ण सांगितलं नाही. आणि हो, पट्टीवर बँकेचा खाते क्रमांक असेल तर तेवढा भाग झाकून फोटो काढा.

एक छोटा ग्रुप मी तुम्हाला आवर्जून करायला सांगेन. आपल्या तुतीच्या चारही बाजूंनी बांध लागून असलेल्या शेतकऱ्यांचा. आपला जालना जिल्हा कपाशीचा. शेजारच्या कपाशीवर फवारणी झाली आणि वाऱ्याने औषध तुतीवर आलं, की तो पाला खाऊन अळ्या मरतात, मग भांडून उपयोग नसतो. "उद्या सकाळी फवारतोय" एवढा एक मेसेज आदल्या रात्री आला तर आपण पाला आधी तोडून ठेवू शकतो. आठ-दहा माणसांचा हा ग्रुप हजार माणसांच्या ग्रुपपेक्षा जास्त कामाचा आहे.

यूट्यूबवर तर सगळेच गुरू. ज्याचा व्हिडिओ आवडला त्याचं गाव विचारा आणि जमलं तर शेड बघून या. आपल्याकडे ही रीत जुनी आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या कडवंचीचं पाणलोटाचं काम बघायला लोक गावात येऊन बांधाबांधाने फिरले, जालन्याजवळच्या खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकरी चर्चासत्राला बसत आले. फोनवरची ओळख तिथपर्यंत नेली तरच ती धंद्याची ओळख. रोगाबद्दल शंका असेल तर मेसेजवर विसंबू नका, जिल्हा रेशीम कार्यालयात किंवा खरपुडीला मेलेल्या-जिवंत अळ्या डबीत घालून न्या. दोन बाणांचा शिक्का असलेला मेसेज म्हणजे तो फार हातांतून फिरून आलेला. कुठून निघाला हे कुणालाच माहीत नसतं.

  

फसवणुकीचं थोडक्यात: तुतीचं बेणं किंवा चॉकी देतो म्हणून अनोळखी नंबरवर आगाऊ पैसे मागणाऱ्याला पैसे पाठवू नका. गेलेच तर लाजून घरी बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

आता तुमची बॅच निघेल. पट्टीचा फोटो टाकाल, जरूर टाका. पण त्याच्याखाली किती अंडीपुंज घेतले होते, किती किलो कोष निघाले आणि किती हलक्यात गेले, हेही लिहा.