दम लागत नाही, म्हणून झीज होत नाही?

गोल्फचा विषय निघाला की आपल्याकडे एक मत ठरलेलं असतं. हा खेळच नव्हे, हिरवळीवरचा फेरफटका आहे; ना धावाधाव, ना झटापट, ना घाम; यात शरीर कसलं झिजणार आणि मन कशानं खचणार? ठाणे जिल्ह्यातल्या दिव्यासारख्या ठिकाणी हे मत अधिकच ठाम असतं आणि त्याचं कारण समजण्याजोगं आहे. सकाळच्या लोकलच्या दाराशी जेमतेम पाऊल टेकवून कामावर जाणाऱ्या माणसाला कष्ट म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. इथून पनवेलकडे जाणारी गाडी निळजे, तळोजा करत ज्या बाजूला जाते, त्याच बाजूला खारघरच्या डोंगरांच्या कुशीत सिडकोनं उभारलेलं गोल्फचं मैदान आहे. अंतर फारसं नाही, पण ते जग दिवेकरांना परकं आहे. हा परकेपणा मला मान्य आहे. मात्र एखादा खेळ आपल्याला परका आहे, एवढ्यावरून तो सोपा ठरत नाही. स्पर्धात्मक गोल्फमध्ये होणारी झीज खरी आहे, मोठी आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही म्हणूनच खेळाडूला ती एकट्यानं सोसावी लागते, असं माझं म्हणणं आहे.

आधी शरीराचं पाहू. व्यावसायिक स्पर्धा साधारणपणे चार दिवसांची आणि ७२ होलची असते. दर दिवशी १८ होल, चार ते पाच तास, आठ-दहा किलोमीटरची चाल, तीही चढउतारांवरून. पण हे चालणं या खेळातला सोपा भाग आहे. खरा भार येतो तो फटक्यात. दोन सेकंदांहून कमी वेळात खेळाडू कंबर, पाठ आणि खांदे पिळून घेतो आणि तो पीळ सोडतो. व्यावसायिक पुरुष खेळाडूच्या क्लबचं टोक चेंडूला भिडतं तेव्हा त्याचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या आसपास असतो. त्या क्षणी कमरेच्या मणक्यांवर येणारा दाब शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट असू शकतो, असं मोजमापांतून दिसलं आहे. हा पीळ कायम एकाच दिशेनं पडतो. सरावात तो दिवसाला शेकडो वेळा पडतो, आणि हे बहुधा दहा-बारा वर्षांच्या वयापासून सुरू झालेलं असतं. गोल्फपटूंच्या दुखापतींत कंबरदुखी अग्रभागी असते ती उगाच नव्हे. जसप्रीत बुमराच्या पाठीवर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली तेव्हा घराघरांत हळहळ व्यक्त झाली, कारण वेगवान गोलंदाज पाठ मोडून घेतो हे आपण डोळ्यांनी पाहतो. गोल्फपटूची पाठही पिळण्यामुळेच जाते, पण तिच्याबद्दल कुणी हळहळत नाही. टायगर वुड्सनं २००८ ची यूएस ओपन जिंकली तेव्हा त्याच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला होता आणि नडगीच्या हाडाला दोन ठिकाणी चिरा गेलेल्या होत्या. बरोबरी झाल्यामुळे ७२ ऐवजी तो ९१ होल खेळला. पुढे २०१४ पासून पाठीच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या, आणि २०१७ मध्ये कमरेचे मणके एकमेकांना जोडून टाकावे लागले. फेरफटका मारून कुणाचे मणके जोडायची वेळ येत नाही.

मनाचा भाग मात्र मला याहूनही गंभीर वाटतो. चांगला खेळाडू एका फेरीत सत्तरच्या आसपास फटके मारतो. प्रत्येकाला दोन सेकंद धरले, तरी चार-पाच तासांत प्रत्यक्ष खेळ होतो तो दोन-अडीच मिनिटांचा. बाकी सगळा वेळ खेळाडू स्वतःच्या मनाबरोबर एकटा असतो. कबड्डीत चढाई रिकामी गेली तर पुढच्या क्षणी बचावाला उभं राहावं लागतं; शरीर कामाला लागतं आणि मनाला घोळवत बसायला सवड मिळत नाही. गोल्फमध्ये चुकलेल्या फटक्यानंतर पुढचा फटका येईपर्यंत पाच-दहा मिनिटं असतात आणि ती चुकीला चघळण्यासाठी पुरेशी असतात. बदली खेळाडू नसतो, सहकारी नसतो, दोष द्यायला बहुतेक वेळा पंचसुद्धा जवळ नसतो. नियमभंग झाला तर दंड स्वतःच स्वतःला लावायचा असतो. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सनं, इतर कुणाला न दिसलेली चेंडूची हालचाल स्वतःहून सांगून, एका फटक्याचा दंड ओढवून घेतला. अखेर बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांत तो हरला. प्रामाणिकपणाचा दाखला म्हणून ही घटना सांगितली जाते. मला तिच्यात हेही दिसतं की हा खेळ खेळाडूला तासन् तास स्वतःवर पहारा ठेवायला लावतो.

या पहाऱ्याची किंमत काय असते? अनेक अनुभवी गोल्फपटूंना ‘यिप्स’ ग्रासतात: हातभर अंतरावरून चेंडू खळग्यात ढकलण्याचा, लहान मुलालाही जमेल असा हलका फटका (पट) मारताना मनगट आपोआप झटका देतं. मेयो क्लिनिकच्या संशोधकांना यामागे दोन कारणं दिसली. काहींमध्ये स्नायूंचा मज्जाविकार, तर काहींमध्ये दडपण. म्हणजे ‘घाबरट आहे’ म्हणून ज्याची बोळवण होते, त्याला कदाचित वैद्यकीय उपचारांची गरज असते. अमेरिकेची लेक्सी थॉम्पसन पंधराव्या वर्षी व्यावसायिक झाली आणि २०२४ मध्ये, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, पूर्णवेळ खेळातून बाजूला होत असल्याचं तिनं जाहीर केलं. तेव्हा ती या खेळातल्या एकटेपणाबद्दल मोकळेपणानं बोलली. त्याच वर्षी जानेवारीत हवाईतली सोनी ओपन जिंकलेल्या ग्रेसन मरेनं मे महिन्यात, तिसाव्या वर्षी, आपलं आयुष्य संपवलं. नैराश्य आणि दारूशी चाललेल्या झगड्याबद्दल तो आधी उघडपणे बोलला होता. या मृत्यूचा दोष एकट्या खेळाच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण पैसा आणि विजय मिळाला की मन सावरतं, या समजुतीला त्यानंतर आधार उरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की गोल्फ तर आरोग्याला चांगला. म्हातारीकोतारी माणसं तो खेळतात आणि दीर्घायुषी होतात. आक्षेपाला पुरावा आहे. स्वीडनमध्ये कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी सुमारे तीन लाख गोल्फ खेळणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यातला मृत्युदर त्याच वयाच्या इतरांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. मी हा निष्कर्ष नाकारत नाही. पण ती मुख्यतः हौशी माणसं आहेत. रविवारी विहिरीत पोहणाऱ्याची तब्येत पाहून ऑलिंपिकच्या जलतरणपटूच्या खांद्याबद्दल मत देऊ नये. हौसेला प्रमाण असतं, स्पर्धेला ते नसतं. आणि व्यावसायिक स्पर्धेत पहिल्या दोन दिवसांनंतरची गाळणी, म्हणजे ‘कट’, चुकली की सहसा बक्षिसाची कमाई शून्य, पण प्रवास, मुक्काम आणि कॅडीचा, म्हणजे बॅग वाहणाऱ्या मदतनिसाचा, खर्च मात्र खिशातून गेलेलाच असतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. श्रीमंतांचा खेळ, त्यांनी स्वखुशीनं निवडला, मग कळवळा कशाला? भारतात गोल्फ बव्हंशी श्रीमंतांचा आहे हे खरंच आहे, आणि ते बदलायला हवं. तरीही इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर (१९९१) आणि २००९ चा विजेता चिन्नस्वामी मुनियप्पा हे दोघेही कॅडींच्या जगातून वर आले. आणि पंधरा-वीस किलोंची बॅग खांद्यावर घेऊन तेच आठ-दहा किलोमीटर चालणाऱ्या कॅडीच्या पाठीला तर कुठल्याच हिशेबात जागा नाही. टोकियो ऑलिंपिकच्या उन्हात लेक्सी थॉम्पसनच्या कॅडीला पहिल्याच फेरीत त्रास होऊन मैदान सोडावं लागलं होतं. त्याच स्पर्धेत भारताची अदिती अशोक, नुकतीच कोविडमधून उठलेली, फटक्याची ताकद घटलेली, आईला कॅडी म्हणून सोबत घेऊन चार दिवस झुंजली आणि एका फटक्यानं कांस्यपदकाला मुकली. टोकियोतच पुरुषांच्या स्पर्धेत पुण्याच्या उदयन मानेला अर्जेंटिनाच्या खेळाडूनं माघार घेतल्यामुळे ऐनवेळी जागा मिळाली आणि साठ जणांत तो ५६ वा आला. बातमीत ही एक ओळ होते. कोविडनं देशातल्या स्पर्धा विस्कळीत केलेल्या असताना अचानक जगातल्या सर्वोत्तमांसमोर उभं राहून चार दिवस टिकणं, हे त्या ओळीत मावत नाही.

उरतो तो दिव्यातून येणारा आक्षेप, आणि तोच मला सर्वांत वजनदार वाटतो: इथल्या मुलांना धड खेळायला जागा मिळत नाही, तिथे गोल्फपटूच्या कमरेची चर्चा कशासाठी? याचं कारण असं, की न दिसणारी झीज ओळखायला आपण शिकलो, तर तिचा पहिला फायदा याच मुलांना होईल. कॅरम, बुद्धिबळ, नेमबाजी या खेळांतही कुणी धावत नाही. तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या, राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं, ते गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभ्यानं, जवळपास न हलता. त्या स्थिरतेमागे पाठ, मान आणि मन यांच्यावर किती ताण असतो, हे आपल्या जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांत विचारणारं कोण आहे? तिथे पायाला मुरगळ आली तर पट्टी बांधायला माणूस धावतो. हात थरथरणाऱ्या, रात्र रात्र न झोपणाऱ्या, हरल्यावर दोन दिवस बोलणं टाकणाऱ्या मुलासाठी मात्र ‘मन घट्ट कर’ एवढाच उपचार असतो. ठाणे जिल्ह्यातल्या शालेय स्पर्धांना फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक नेमून द्या, आणि त्यांची यादी कबड्डी-खो-खोवर न थांबवता बसून आणि उभं राहून खेळल्या जाणाऱ्या खेळांपर्यंत न्या, अशी मागणी पालकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी आजच करायला हवी.