धालसिमच्या गळ्यातील कवट्या

वृत्तपत्रात, सिनेमात, पाठ्यपुस्तकात आपले चित्र कोण काढतो आणि कसे काढतो, याबाबत परिवर्तनवादी चळवळ नेहमीच जागरूक राहिली आहे. मात्र आपली मुले ज्या पडद्यासमोर तासन्‌तास बसतात, त्या व्हिडिओ गेमकडे पोरखेळ म्हणून पाहिले जाते. वस्तुस्थिती अशी आहे की, जगातील कोट्यवधी मुलांना भारतीय माणसाची पहिली ओळख अशाच एका खेळातून झाली. त्या भारतीयाचे नाव धालसिम.

जपानच्या कॅपकॉम कंपनीने 1991 साली 'स्ट्रीट फायटर टू' हा मारामारीचा खेळ बाजारात आणला. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या शहरांतील गेम पार्लरमध्येही तो पोहोचला. त्यात निवडता येतील असे आठ लढवय्ये होते आणि धालसिम हा त्यातला भारताचा प्रतिनिधी. टक्कल, डोक्यावर रंगाचे पट्टे, बुबुळे नसलेले पांढरे डोळे, हाडे दिसणारे शरीर, कमरेला फाटके वस्त्र आणि गळ्यात माणसांच्या कवट्यांची माळ! तो तोंडातून आग ओकतो, हातपाय रबरासारखे लांबवतो. त्याच्या आखाड्यात मागे हत्ती उभे असतात. खेळाच्या कथेप्रमाणे त्या कवट्या साथीच्या रोगात दगावलेल्या त्याच्याच गावातील मुलांच्या आहेत. साथीत लेकरे मरतात त्या गावाला दवाखाना हवा असतो. कथाकारांनी त्या गावाला चमत्कार करणारा योगी दिला आणि मेलेल्या लेकरांच्या कवट्या त्याच्या गळ्यातला दागिना केल्या. त्याला सॅली नावाची पत्नी आणि दत्ता नावाचा मुलगा आहे, म्हणजे तो संसारी गृहस्थ आहे. तरीही वेश मात्र गोसाव्याचाच!

यावर कोणी म्हणेल की, जपान्यांनी स्वतःलाही सोडले नाही, एडमंड होंडाला सुमो पैलवान केलेच ना? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. जपानकडे होंडा होता तसा र्‍यूही होता, आणि र्‍यू तर खेळाचा नायक. अमेरिकेकडे केन होता, गाईल होता. ज्याची अनेक चित्रे असतात, त्याचे एक चित्र विद्रूप निघाले तरी बिघडत नाही. भारताच्या वाट्याला आले एकच चित्र, आणि तेही असे.

पुढे काळ बदलला, तसे धालसिमचे रूपही बदलले. 2008 च्या 'स्ट्रीट फायटर फोर'मध्ये कवट्या होत्याच. 2016 च्या 'फाइव्ह'मध्ये त्याला लांब दाढी आणि डोक्याला फेटा मिळाला. 2023 च्या 'सिक्स'मध्येही तो दाढीवाला गुरूच राहिला. काहींना ही सुधारणा वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. आधी तो भीती वाटावी असा होता, आता पाया पडावे असा झाला. गूढ तो तेव्हाही होता, आजही आहे. कारखान्यात राबणारा, कोर्टात उभा राहणारा, शाळेत शिकवणारा साधा भारतीय माणूस या तीन दशकांत त्याच्या वाट्याला आलाच नाही.

वकील या नात्याने आम्हाला याच खेळातील दुसरे उदाहरण अधिक बोलके वाटते. त्यात एक कृष्णवर्णीय अमेरिकन मुष्टियोद्धा आहे. जपानी आवृत्तीत त्याचे नाव एम. बायसन होते. माईक टायसनशी असलेले साम्य उघड होते. खेळ अमेरिकेत नेताना टायसन दावा ठोकेल या धास्तीने कंपनीने तीन पात्रांची नावे आपसात फिरवली आणि तो मुष्टियोद्धा बालरॉग झाला. याचा अर्थ काय? ज्याच्यामागे कायदा आणि वकील उभा करण्याची ताकद आहे, त्याच्यासाठी नाव रातोरात बदलते. साथीत मेलेल्या कल्पित खेड्यातील पोरांच्या वतीने नोटीस कोण पाठवणार होते?

1994 साली या खेळावर इंग्रजी चित्रपट निघाला. त्यात धालसिमची भूमिका रोशन सेठ या भारतीय नटाने केली. 'गांधी' चित्रपटात नेहरू साकारणारे हेच ते सेठ. गंमत अशी की, पडद्यावर हाडामांसाचा भारतीय आला तेव्हा धालसिम चक्क शास्त्रज्ञ झाला! म्हणजे दुसरे चित्र अशक्य नव्हते. नव्या चित्रपटात ही भूमिका विद्युत जामवाल करणार असल्याचे 2025 मध्ये जाहीर झाले. आपल्या वृत्तपत्रांना त्याचे कौतुक वाटले. तो नट कोणत्या रूपात उभा केला जाणार, हा प्रश्न किती जणांनी विचारला?

बंदी घाला, खेळ जाळा, असे आम्ही म्हणणार नाही. त्याने काहीही साध्य होत नाही. आज पुणे, बंगळुरू, हैदराबाद येथील कंपन्यांत परदेशी खेळांसाठी चित्रे काढण्याचे, रंग भरण्याचे काम होते. आपल्या वस्त्यांतील मुलेही अ‍ॅनिमेशनचे शिक्षण घेऊ लागली आहेत. त्यांनी दुसर्‍याने आखलेल्या रेषेत रंग भरण्यावर समाधान मानू नये. पात्र कोण असेल, काय नेसेल, त्याच्या गळ्यात काय असेल, हे जिथे ठरते त्या टेबलापर्यंत त्यांनी पोहोचले पाहिजे. पालकांनीही पोरगा दिवसभर गेम खेळतो म्हणून नुसते ओरडू नये. पडद्यावरचा भारतीय असाच का दिसतो, हे एकदा त्याच्याशेजारी बसून त्याला विचारावे.